उस्तादांची मान

हर्षाली रस्त्याच्या डाव्या कडेने धावत होती आणि तिला धावणं शिकवणारे कोंडाजी उस्ताद तिच्या उजव्या अंगाने स्कूटर हळूहळू चालवत होते. देवळाली कॅम्पच्या बाहेरचा हा रस्ता दोघांच्या नऊ वर्षांच्या सवयीचा. संध्याकाळी माजी सैनिकांच्या सभागृहात तिचा सत्कार होता. निदान परवापर्यंत तरी होता.

परवा टीव्हीवर कुणीतरी विचारलं आणि ही बया मनातलं सगळं बोलून मोकळी झाली. शेजारच्या देशाच्या मुलींबरोबर धावायचं नाही, हे सरकारचं धोरण म्हणे तिला पटत नाही. बोलणंच बंद करून कुणाचं भलं झालंय, असंही वर म्हणाली. तेव्हापासून कोंडाजींचा फोन थांबला नव्हता. शेवटी माजी सैनिकांच्या संघटनेने माफीनामा टाइप करून त्यांच्या हातात दिला. पोरीची सही आणा, नाहीतर सत्कार रद्द.

तो कागद खिशात होता आणि डोक्यात नुसता गुंता. सीमेपलीकडून आलेल्या तोफगोळ्याने त्यांचा फौजेतला जोडीदार लखन त्यांच्या शेजारीच गेला होता. त्याच दिवशी त्यांचा डावा कानही कायमचा गेला, पण हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. बहिऱ्या उस्तादाचं कोण ऐकतं? लखन आठवला की पोरीचा राग येई. मग सुरगाण्याहून आलेल्या जीपमधून एक पिशवी घेऊन उतरलेली तेरा वर्षांची हर्षाली आठवे, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

"गुडघा वर! खांदे सैल!" ते ओरडले. पुढचं वाक्य मात्र तोंडातून निघेना.

शेवटी त्यांनी कागदच काढून तिच्यापुढे धरला. तिने तो धावता धावताच वाचला, परत दिला आणि काहीतरी बोलली. कोंडाजींनी नेहमीप्रमाणे मान हलवली.

हर्षाली थांबली. भर धावेत ती अशी कधीच थांबत नसे.

"द्या पेन," ती म्हणाली. आता ती समोर उभी होती, म्हणून ऐकू आलं. तिचे डोळे भरले होते. "करते सही."

"अगं, पण झालं काय?"

"आता कशाला इचारता? 'उस्ताद, तुम्हालाबी मी गद्दार वाटते का?' म्हणलं. तुम्ही हो म्हणालात."

"मी? कधी?"

"आत्ता. मान हलवली ना."

डाव्या कानावर बोट ठेवून ते एवढंच म्हणाले, "याला ऐकू येत नाही गं. लखन गेला तेव्हापासून."

आईचं आजारपण, सोडलेली नोकरी, एका पोराने घातलेली मागणी, सगळं हर्षालीने याच रस्त्यावर, याच बाजूने त्यांना सांगितलं होतं. आणि त्यांची मान हललेली बघूनच तिने काय ते ठरवलं होतं.

"मंग नऊ वर्षं मी कुणाशी बोलत व्हते?"

तिचं म्हणणं आपल्याला पटेल की नाही, ते कोंडाजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी कागदाची घडी करून ती खिशात ठेवली. पेन काढलं नाही. स्कूटर वळसा घालून तिच्या डाव्या अंगाला घेतली, डांबरावरून खाली, कच्च्यात.

"धाव," ते म्हणाले. "हळू धाव. आणि टीव्हीवर जे बोललीस ते पहिल्यापासून सांग."

ती सांगू लागली. खडीवरून स्कूटर दणके खात चालली होती. उस्ताद उजवा कान तिच्याकडे करून बसले होते, आणि चुकूनही हलू नये म्हणून त्यांनी मान ताठ धरली होती.