परक्या नजरेचा कागद

"चहा झक्कास आहे, काका," शेजारची रेवती म्हणाली, "पण त्याच्या बदल्यात काकूंकडे बघत बसायचं, हे कळतं हो आम्हाला!"

फोटोग्राफर दिगंबर पोतनीस ओशाळले. हल्लीच्या कागदावरचा फोटो परक्या नजरेवरच जगे. घरच्यांनी कितीही बघितलं तरी तो विटत जाई, आणि एकदा पुसला की पुन्हा छापता येत नसे. त्यांच्या दिवंगत पत्नी नलिनीबाईंचा पदक मिळालेला फोटो पाहुणे एकदा बघत, "वा!" म्हणत आणि बिस्किटाकडे वळत. महिन्याभरात तो पांढरा पडला. आज पोतनीसांनी नलिनीबाईंचा शेवटचा उरलेला फोटो लावला होता. तो हललेला होता, म्हणून त्यांनीच कधीकाळी बाद केलेला. त्यात नलिनीबाई हात वर करून काहीतरी सांगत होत्या.

रेवतीचा कप ओठांशीच थांबला. "काय म्हणतायत काकू?"

फोटोतला हात किंचित ठळक झाला.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या देवस्थळींनी तेच विचारलं, मग गॅसवाल्यानेही. फोटो रोज गडद होत गेला. आता त्याला मरण नव्हतं.

पोतनीस मात्र प्रत्येकापुढे बिस्किटं सरकवत. नलिनीबाई ते सांगत होत्या त्या क्षणी ते फोकस लावत होते. त्यांनी ऐकलंच नव्हतं.