चिरेपुढची रेघ

हे धनुष्य माझ्या बाबांनी हाताने घडवलेलं. गिरणीत सुतार होते ते. लाकडाला चीर गेली की तिच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारायचे आणि शेजारी तारीख घालायचे. म्हणायचे, "चीर रेघेवर थांबली तर सरस भरून जोडायचं. पुढे सरकली तर टाकून द्यायचं."

बाबा जाऊन वर्ष झालं. सोमवारी धनुष्याच्या वरच्या टोकाला चीर गेली, आणि रविवारी माझ्या लेकीची, मनालीची, तिरंदाजीची निवड चाचणी. दुसरं धनुष्य तिच्या हाताला बसतच नाही.

मी चिरेच्या टोकाशी रेघ मारली.

मंगळवारी सकाळी तिच्या वीतभर पुढे, कोऱ्या लाकडावर, दुसरी रेघ होती. तारीख त्याच दिवशीची. सप्टेंबरच्या नऊची शेपटी लांब, बाबा काढायचे तशी. संध्याकाळपर्यंत चीर तिथे पोचली.

बुधवारीही तसंच झालं. गुरुवारची रेघ मुठीला टेकली.

"टाकून देऊ या ना गं," मी अक्षरशः हात जोडले.

"नाही पप्पा! आजोबांचंय ते." ती मूठ धरूनच झोपली.

शुक्रवारी सकाळी परळच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत तिने धनुष्य उजेडात फिरवून फिरवून पाहिलं आणि ओरडली, "पप्पा, आज रेघच नाहीये! थांबली चीर! सरस आणा लवकर!"

मला रडूच फुटलं. धनुष्य घ्यायला मी हात पुढे केला.

मूठ धरलेल्या तिच्या मनगटावर पेन्सिलीची बारीक रेघ होती. शेजारी आजची तारीख, लांब शेपटीच्या नऊसकट.