साथीला कोण?

“‘शेवटच्या तुकड्यात साथीला मधूनच जी किणकिण येते, तिला तोड नाही,’” जुईने पेपर मोठ्याने वाचला. “‘गिटार तिच्यासाठी थांबते, जागा देते. जॅझमध्येही एकमेकांचं इतकं ऐकणारे वादक क्वचित भेटतात.’ राजस, अरे डोक्यावर घेतलंय तुला!”

धाकटा भाऊ चहात पाव बुडवत राहिला. पहिलाच अल्बम, तोही ठाकूरद्वारच्या चाळीत, पुढच्या खोलीत एका माइकवर एकट्याने वाजवलेला. सगळीकडे वाहवा, आणि स्वारी आपली गप्प!

“एकट्यानेच वाजवलंस ना, मग साथीला कोण रे?”

“मनू. झांज आहे ती.”

“मनू? त्याच्या झांजेने गणपतीत अख्ख्या गल्लीचे कान किटतात! एवढा नाजूक कधीपासून झाला?”

राजस उठून मोरीत अंघोळीला गेला.

बाबा हवे होते आज, जुईला वाटलं. ते गेले त्या दुपारी ती ऑफिसात होती. घरी राजस होता. झोपेतच गेले, म्हणाला. पक्षाघाताने वाचा गेलेला माणूस निदान तडफडला नाही, एवढ्याच दिलाशावर तिने पुढचे महिने काढले होते.

तिने इअरफोन घातले आणि शेवटचा तुकडा लावला.

टिण. टिण. टिण.

कसली झांज! ही तर बाबांच्या उशाची स्टीलची वाटी. चमचा एकदा वाजला की पाणी. दोनदा वाजला की कूस बदलायची. तीनदा वाजला की हातातलं टाकून धावायचं.

“राजस!”

तो केस पुसत आला. तिचा चेहरा पाहिला आणि तिच्यापुढे येऊन बसला.

“त्या दुपारी हेडफोन होते गं ताई कानावर. ठेका लावला होता. आईशपथ, काही ऐकू आलं नाही. मागाहून रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं. मग काढवेना. बाबांचा तेवढाच आवाज उरलाय.”

तो हमसून हमसून रडायला लागला. जुईने त्याचं ओलं डोकं कुशीत घेतलं. एवढं सगळं पोरगं एकटंच मनात घेऊन फिरत होतं, आणि आपण झांजेवरून चेष्टा करत बसलो!

“ऐकूच आलं नाही, त्यात तुझा काय दोष रे वेड्या?”

तो शांत झाल्यावर तिने बाबांना ऐकण्यासाठी तुकडा पुन्हा लावला.

टिण. टिण. टिण. गिटार थांबली, मग पुढे गेली. वाटी पुन्हा वाजली, जरा हळू. गिटार पुन्हा थांबली, पुन्हा पुढे गेली. शेवटी वाटी एकदाच वाजली, जेमतेम.

गिटार थांबली. उरलेल्या दोन ठोक्यांची वाट पाहिली. ते आले नाहीत, तेव्हा ते राजसने स्वतःच तारेवर वाजवले.