न दिसलेली चाल
आयुष्यात पहिल्यांदाच थोरल्या भावाला बुद्धिबळात हरवल्यावर वायरमनने मोबाइलवर खेळलेला तो डाव चवीचवीने पुन्हा लावून पाहिला. शेवटाकडे येताच त्याचं तोंड उतरलं. दादाने वजीर एक घर पुढे सरकवला असता, तर खेळ खल्लास होता. ते सोडून त्याने कोपऱ्यातलं प्यादं ढकललं होतं. पुढच्या चालीलाही तेच. त्याच्या पुढच्यालाही! वायरमनने तणतणत फोन लावला. "मुद्दाम हरलास ना? चाळिशी उलटली माझी, अजून कुक्कुलं बाळ वाटतो का तुला?" "काहीतरीच काय! खरंच दिसलं नाही रे," दादा म्हणाला. वायरमन आणखीच भडकला, कारण हा सूर त्याला पाठ होता. लहानपणी लपाछपीत पडद्याखालून त्याचे दोन्ही पाय बाहेर दिसत असताना, घरभर शोधत फिरणारा दादा अगदी याच सुरात म्हणायचा, "कुठे लपलाय कोण जाणे, दिसतच नाही बुवा!"