कापसामागची डबी

अकरा वाजता सीमाची ऑनलाइन मुलाखत, आणि राउटरचा लाल दिवा हिरवा व्हायचं नाव घेईना. चारदा बंद-चालू करून झालं. नेटवाला फोनवर म्हणाला, "ताई, भिंतीतल्या डबीत वायर घट्ट बसवा."

डबी कापसाच्या ढिगामागे होती. भाव चढेस्तोवर तिचे वडील खुशालराव त्या ढिगाला कोणाला हात लावू देत नसत. आज लेकीची घालमेल पाहून त्यांनीच तो उपसायला घेतला.

वायर बसली, दिवा हिरवा झाला, तेव्हा अकराला मिनिटभर उरलं होतं. सीमा तिथंच ढिगाला टेकून बसली.

पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "मागे कापसाचं चित्र लावलंय ते छान आहे, पण काढा. खरं घर दिसू द्या."

लॅपटॉपमागून खुशालराव म्हणाले, "सांग त्या बाईले, चार महिन्यापासून तेच काढाचं पाहून राहिलो."