रजईतली खोट

रजईत खोट सापडेना, तसा आईचा जीव खालीवर होऊ लागला.

तिने ती काउंटरवर उलगडली, उजेडाकडे धरली, शिवणीवरून बोट फिरवलं, चारही कोपरे नाकाशी नेऊन हुंगले. कापूस कुठे गोळा झाला नव्हता. ओल्या रुमालाने घासूनही रंग उतरत नव्हता. निळी, मऊ, अंगावर घेताच डोळा लागावा अशी रजई, आणि किंमत निम्मी.

"का पण?" आईने विचारलं.

"हंगाम संपला ना, मावशी," विक्रेती म्हणाली. चिठ्ठ्या कापायची छोटी कात्री दोरीने तिच्या गळ्यात लटकत होती. "थंडी गेली. जागा रिकामी करायचीय."

"गेली ती काय कायमची? पुढच्या वर्षी येणारच आहे. तोवर तुमचे मालक ही कपाटात का ठेवत नाहीत? चावते का त्यांना?"

आजूबाजूला स्वेटरांचे, कढयांचे, पायपुसण्यांचे ढीग होते आणि त्यांत बायांचे हात कोपरापर्यंत बुडाले होते. मुलगी मागे पिशवी धरून उभी होती. तिचं लक्ष घड्याळाकडे. चष्म्याच्या दुकानातला तो आज संध्याकाळी घरी येणार होता, लग्नाचं शेवटचं विचारायला. याआधी तीनदा आला होता. आईने तीनही वेळा चहा दिला, हो दिला नाही. आता मलाच लाज वाटते, आज नाही म्हणाल्या तर पुन्हा येणार नाही, असं तो म्हणाला होता. आणि आईच्या मनाविरुद्ध मुलगी पाऊल उचलणार नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"अगदी तुझ्या त्या चष्मेवाल्यासारखं आहे हे," आई रजई उलटी करत म्हणाली. "पिणं नाही, ओढणं नाही, आवाज चढवणं नाही. आईचे पाय चेपतो म्हणे. आमच्याकडून काही नको म्हणतो. इतका चांगला, तर अजून शिल्लक कसा?"

"मग त्यालाही उजेडाकडे धरून बघ एकदा."

"बघितलं की. काही दिसलं नाही. तीच तर भीती आहे. रजई निदान परत तरी करता येते."

"सेलचा माल परत घेत नाही हं, मावशी," विक्रेती मध्येच म्हणाली.

"बघ!" आईने रजई पुढे ढकलली. "नको. कुठेतरी पाणी मुरतंय."

पण हात काही तिच्यावरून निघेना.

गल्ल्यावरून मालकाचा आवाज आला, "ती निळी अजून तिथेच का?" विक्रेतीने आईच्या त्या हाताकडे पाहिलं. "थांबा मावशी, आत अशीच दुसरी आहे का बघते," म्हणत तिने रजई उचलली आणि पडद्यामागे गेली.

पडदा पुरता सरकला नव्हता. मुलगी उभी होती तिथून आतला आरसा दिसत होता. विक्रेतीने रजईचा एक कोपरा चिमटीत धरला, कात्रीच्या टोकाने शिवण उसवली आणि आतला कापूस बोटाने जरासा बाहेर ओढला. मान वर केली तेव्हा आरशात दोघींची नजर भिडली. विक्रेती दचकली नाही. लहान मुलाला सुई टोचताना नर्स त्याच्या आईकडे बघते, तसं तिने नुसतं बघितलं.

"दुसरी नाही, मावशी," बाहेर येऊन ती हळू आवाजात म्हणाली. "पण हीच नीट पाहिली. हे बघा, उसवलंय. मालक रागावतील मला. पण तुमच्यासारखीला फसवलं तर देव झोपू देईल का?"

आईने उसवलेल्या जागी बोट घातलं. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला.

"मी म्हणत नव्हते? उगाच कुणी निम्म्याने देतं का! चार टाके घातले की झालं. बांधा, बांधा."

रस्त्यावर आई रजई स्वतःच कवेत घेऊन चालली होती, आवडतं पोर घ्यावं तशी. मुलगी वळणापर्यंत मागोमाग चालली. मग थांबली.

"आई, तुला एक सांगायचं राहिलं. त्याला एका कानाने नीट ऐकू येत नाही."

आई वळली. रजईकडे पाहिलं होतं तसंच तिने मुलीकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, सावकाश.

"कधीपासून?"

"लहानपणापासून. सांगायला लाजतो."

"आणखी काही?"

"नाही. एवढंच."

आईने एवढा मोठा श्वास सोडला की छातीशी धरलेली रजईसुद्धा खाली बसल्यासारखी झाली.

"तरीच! मागच्या खेपेला आणखी चहा घेणार का विचारलं, तर नुसता हसला होता माझ्याकडे बघून. मला वाटलं, भारीच आतल्या गाठीचा आहे. अगं, मग आधी नाही का बोलायचं? इतके दिवस माझ्या जिवाला घोर! चल, पाय उचल. तो यायच्या आत घर आवरू दे. आणि त्याला नीट ऐकू येईल असं बसवायला हवं. कुठला कान?"

मुलीने इतका पुढचा विचार केला नव्हता.

"डावा."

"नक्की?"

"नक्की."

आई झपाझप पुढे निघाली. तिच्या काखेखालून, उसवलेल्या कोपऱ्यातून, कापसाचा पांढरा पुंजका डोकावत होता. मुलीने चालता चालता त्याला फोन लावला. तो उचलीपर्यंत विसरायला नको म्हणून ती जपासारखं पुटपुटत राहिली, "डावा, डावा, डावा."