इन्फ्रारेडमध्ये लाल

"आधी फोटो जुळव, मग काच लाव," आई बाकावरून म्हणाली. "काच लावल्यावर काय दिसणार आहे तुला? तुझे बाबा दहा वेळा सांगायचे."

आसावरीने फिल्टर उलटा फिरवून काढला. दिसायला ती नुसती काळी काच. डोळ्यांना दिसणारा उजेड ती अडवते आणि उन्हातले न दिसणारे इन्फ्रारेड किरण तेवढे आत सोडते, म्हणून ती लावून कॅमेऱ्यात बघावं तर अंधार. आसावरीने कडुनिंब चौकटीत घेतला, त्याच्याखाली आईला घेतलं, फोकस पक्का केला आणि काच हलक्या हाताने पुन्हा बसवली. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. त्यांच्या कॅमेऱ्याला ती आज पहिल्यांदाच हात लावत होती.

विद्याधर नगरच्या त्या लहानशा बागेत जानेवारीचं ऊन पसरलं होतं.

"तीस सेकंद हलायचं नाही हं, आई."

"मला शिकवतेस? हललं की भूत होतं. तुझ्या बाबांनी माझी अशी पन्नास भुतं काढून ठेवलीत."

ती हसली. आसावरीची नजर तिच्या कोऱ्या कपाळावर गेली. टिकली लावू नको, असं आईला कुणीच म्हटलं नव्हतं. फक्त मागच्या आठवड्यात शेजारच्या सुमनताईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या सगळ्या मराठी बायकांना बोलावलं आणि आईकडे मात्र नुसता तिळगुळाचा डबा पाठवला. प्रेमानेच पाठवला. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

आसावरीने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं.

"नको गं," आई लगेच म्हणाली. "तू फोटो ग्रुपवर टाकशील. सगळे बघतील."

"यात दिसणारच नाही. इन्फ्रारेडमध्ये लाल रंग उडून जातो. कातडीसारखाच पांढरट येतो."

"काहीतरीच."

"बाबांनी या काचेतून काढलेले फोटो आठव. एकात तरी आहे तुझी टिकली?"

आई आठवत राहिली. "नाही खरं," ती म्हणाली. "भांडायचे मी. म्हणायचे, अहो, तुम्ही चांगले धडधाकट असताना माझं कपाळ पुसून ठेवलंत!"

"मग?"

"मग काय. ते म्हणायचे, कॅमेऱ्याला काय कळतंय!"

आईने हात पुढे केला. "दे."

आरसा नव्हता. बोटाने भुवयांमधली जागा चाचपून तिने टिकली दाबली.

"सरळ लागली का गं?"

"अगदी सरळ."

शटर उघडलं. आई ओठ न हलवता मनातल्या मनात आकडे मोजत होती. वरची पानं हलली, ती हलली नाही. शटर मिटलं आणि पडद्यावर चित्र आलं. कडुनिंब तांदळाच्या पिठात घोळल्यासारखा पांढरा, आकाश काळसर आणि खाली ताठ बसलेली आई. कपाळ मोकळं.

"आहे ना मी? का भूतच?" आई उठून बघायला येत होती, तेवढ्यात फाटक वाजलं. भाजीची पिशवी सांभाळत सुमनताई आत आल्या.

"विनयाताई, फोटो चाललाय होय? मतलब, आम्हालाही दाखवा की!"

आसावरीने कॅमेरा पुढे केला. सुमनताई पडद्यावर वाकल्या. "अय्या! झाडावर बर्फ पडल्यासारखं दिसतंय."

आईचा हात कपाळाशी गेला. ती टिकली काढणार, असं आसावरीला वाटलं. आईने वाऱ्याने पुढे आलेले केस तेवढे मागे सारले.

"त्यात काय बघतेस, सुमन?" ती म्हणाली. "इकडे बघ."